सेट टॉप बॉक्समधली रेकॉर्डिंग बाहेर काढून कायमची जपायची आहेत

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सशुल्क वाहिन्यांच्या सेवेचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स वापरतो. मागे यूएसबीला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे आणि ती गच्च भरलीय. त्यातलं बहुतेक उडवलं तरी हरकत नाही. सिनेमे, सामने, 'नंतर बघू' म्हणून साठवलेल्या आणि कधीच न बघितलेल्या मालिका. पण एका संगीत वाहिनीवरच्या वादकांच्या लांबलचक मुलाखती आहेत. ती वाहिनी बंद पडली. मुलाखती ना विकत मिळतात, ना नेटवर.

आता सेवेकडून निरोप आलाय की हा बॉक्स बदलून नवा घ्या. नवा बॉक्स घरी आलाय, जुना अजून परत केलेला नाही. नव्याला ही डिस्क लावली की 'फॉरमॅट करायची का?' विचारतो. संगणकाला लावली तर संगणकही तेच विचारतो. दोन्हीकडे 'नाही' म्हणून डिस्क काढून घेतली आहे.

यातल्या मुलाखती एखाद्या साध्या फाइलमध्ये घेता येतील का? तांत्रिक माहिती बेताची आहे, पण शिकायची तयारी आहे.

टाकीचेघाव

जुना बॉक्स परत देऊ नका. बाकी चर्चा नंतर.

बिनतारी

टाकीचेघाव +१. आधी तेच, मग खालचं वाचा.

संगणक 'फॉरमॅट करा' म्हणतो याचा अर्थ डिस्क बिघडली असा नाही. बरेच बॉक्स आतून लिनक्सवर चालतात, त्यामुळे डिस्कवरची फाइल व्यवस्था विंडोजला ओळखू येत नाही. लिनक्सच्या संगणकाला लावलीत तर कदाचित फोल्डर आणि मोठाल्या फाइली दिसतीलही. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते.

डिजिटल प्रसारण १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांतून येतं. प्रत्येक पाकीट ०x४७ या बाइटने सुरू होतं, त्यावरून यंत्राला पाकिटाची सुरुवात कळते. पुढे एक क्रमांक असतो, त्यावरून हे चित्राचं, आवाजाचं की कार्यक्रमपत्रिकेचं ते ठरतं. फुकट वाहिनीची पाकिटं उघडी येतात. सशुल्क वाहिनीच्या पाकिटातला मजकूर कुलूपबंद असतो, आणि त्याची किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी, कधी त्याहूनही लवकर बदलते. पुढची किल्लीसुद्धा प्रसारणातूनच येते, पण तीही झाकलेली. ती उघडायचं काम स्मार्टकार्ड किंवा बॉक्समधली चिप करते, तेही तुमची वर्गणी चालू असेल तरच.

आता रेकॉर्डिंगचं. बॉक्स वाहिनीचं कुलूप उघडतो आणि डिस्कवर लिहिताना स्वतःचं दुसरं कुलूप लावतो. या दुसऱ्या कुलपाची किल्ली त्या एका बॉक्सच्या चिपमध्ये असते आणि बाहेर येत नाही. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा शेजारचा बॉक्स घेतला तरी चालत नाही. म्हणजे डिस्क तुमची, पण तिच्यावरच्या मजकुराचा अर्थ फक्त त्या बॉक्सला कळतो. बॉक्स गेला की उरतो तो नुसता गोंगाट, आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेऊनही काही होत नाही. तो फाइल परत आणून देईल, उघडून देऊ शकणार नाही.

उंबरठा

बापरे. म्हणजे डिस्क जपून ठेवण्याला काही अर्थच नाही?

बिनतारी

जुन्या बॉक्ससकट ठेवली तर आहे. आणि हो, वर्गणी चालू आहे ना, ते बघा. बऱ्याच सेवांमध्ये वर्गणी थांबली की जुनी रेकॉर्डिंगसुद्धा बॉक्स लावत नाही. नवा बॉक्स सुरू करताना जुना बाद करतात, तेव्हाही तेच होऊ शकतं. त्यामुळे नवा बॉक्स चालू करण्याची घाई नको.

काजवा

एवढं कशाला? एचडीएमआयला मधे एक स्वस्तातला स्प्लिटर लावायचा, त्यातले काही एचडीसीपी (एचडीएमआयवरचं प्रतबंदीचं कुलूप) गाळून टाकतात. पुढे कॅप्चर कार्ड (येणारं चित्र संगणकात फाइल म्हणून उतरवणारं यंत्र). झालं काम. कुठला घ्यायचा ते व्यनि (खाजगी निरोप) करतो.

संपादक मंडळ

संरक्षण तोडणारी यंत्रं आणि सॉफ्टवेअर कोणती, कुठे मिळतात, ही देवाणघेवाण इथे नको, व्यनिसाठी बोलावणंही नको. बाकी चर्चा मोकळेपणाने चालू द्या.

काजवा

ठीक. पण मग मला कोणी समजावून सांगा. माझ्या पैशाने घेतलेली वाहिनी, माझी डिस्क, माझ्याच घरात बघणार. चोरी कुठे आहे यात? व्हीसीआरवर सगळं जग रेकॉर्ड करत होतं तेव्हा कोणी काही बोललं नाही.

अर्धविराम

काजवा, बोलले की! कोर्टात गेले. अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर त्यांच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरबद्दल खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ ला निकाल लागला, ५ विरुद्ध ४. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर घरचं रेकॉर्डिंग तिथे बेकायदा ठरलं असतं.

पण हा निकाल लोक अर्धवट सांगतात. न्यायालयाने ज्याला मोकळीक दिली ते होतं 'आत्ता वेळ नाही, नंतर बघतो' या कारणासाठीचं रेकॉर्डिंग. टेपांचा संग्रह करून कपाट भरण्याला तशी स्पष्ट मान्यता त्यात नाही. आणि तो निकाल होता हवेतून फुकट येणाऱ्या प्रसारणाबद्दल. सशुल्क दूरचित्रवाणीचा प्रश्न त्यात सोडवलेलाच नव्हता. म्हणजे या धाग्याचा विषय नेमका त्या निकालाच्या बाहेर पडतो.

ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात कलम ७० आहे. घरात, खाजगी वापरासाठी, सोयीच्या वेळी बघता यावं एवढ्याचसाठी रेकॉर्ड करायला परवानगी. 'एवढ्याचसाठी' हा शब्द त्यात खरोखरच आहे. जर्मनीने वेगळी वाट धरली. १९६५ च्या कायद्यात खाजगी प्रतीला मुभा दिली आणि त्याबदल्यात रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर शुल्क बसवलं, ते निर्मात्यांकडे जातं. पण २००३ नंतर तिथेही तांत्रिक संरक्षण तोडायला बंदी आहे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणं हा गुन्हा. 'हेतूने' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे, त्यावर वाद घालायला वाव आहे, पण तो वाद स्वतःच्या खर्चाने घालावा लागेल.

थोडक्यात, प्रत करणं आणि कुलूप तोडणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीसीआरच्या काळात सिग्नलला असं कुलूप सहसा नसायचं, म्हणून दुसरा प्रश्न फारसा उपस्थित झाला नाही.

काजवा

हे पटलं नाही, पण कळलं.

पाटीपेन्सिल

माझं मत थोडं कडू आहे. रेकॉर्ड केलेलं कोणी परत बघत नाही. डिस्क भरत जाते, आपण नवी आणतो, तीही भरते. माणसाला बघायचं नसतं, 'आपल्याकडे आहे' एवढंच हवं असतं. उंबरठा, त्या मुलाखती शेवटच्या कधी ऐकल्या होत्या?

उंबरठा

तीन-चार वारंवार ऐकतो. बाकीच्या नाही. पण त्यातले काही वादक आता हयात नाहीत, म्हणून पुसवत नाहीत.

सांजवात

पाटीपेन्सिल, तुमच्या नियमाला दणदणीत अपवाद सांगते. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स. १९७९ पासून २०१२ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत घरात अनेक व्हीसीआर रात्रंदिवस चालू, बातम्यांच्या वाहिन्या सतत रेकॉर्ड. सुमारे ७० हजार टेपा जमल्या. घरच्यांना वेडेपणाच वाटला असणार. मात्र वाहिन्यांनी स्वतःकडेही सगळं ठेवलं नव्हतं. आता तो संग्रह इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रह जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आणि बीबीसीचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. साठच्या दशकातले 'डॉक्टर हू' या मालिकेचे कितीतरी भाग बीबीसीने टेपा पुन्हा वापरायच्या म्हणून पुसले. चित्र गेलं. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून घेतला होता. ज्याची जबाबदारी होती त्याने पुसलं आणि ज्याला अधिकार नव्हता त्याने जपलं.

पाटीपेन्सिल

मान्य. पण हजारात एखाद्याचंच कपाट असं निघतं. बाकी नऊशे नव्व्याण्णवांचं रद्दीत.

सांजवात

कुठलं ते आधी कळत नाही ना, तिथेच तर घोडं अडतं.

घड्याळजी

परत मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते उंबरठा यांच्याकडे सरळ मार्गाने जाणारे तीन रस्ते आहेत, पण तिन्हींची गुणवत्ता सारखी नाही.

पहिला, सेवेलाच विचारा. 'जुन्या बॉक्सवरून नव्यावर रेकॉर्डिंग हलवता येतात का?' काही सेवा हे करून देतात, बहुतेक नाही म्हणतात. विचारताना लेखी विचारा, फोनवर 'हो हो होईल' म्हणतात आणि नंतर होत नाही. अमेरिकेतल्या टिवो या रेकॉर्डिंगचे बॉक्स बनवणाऱ्या कंपनीने २००५ मध्ये रेकॉर्डिंग संगणकावर घेण्याची अधिकृत सोय दिली होती. पण तिथेही प्रत्येक कार्यक्रमाबरोबर एक खूण येते, 'मोकळेपणाने प्रत करा', 'एकदाच करा', 'करूच नका' अशा धर्तीची. ज्यावर बंदीची खूण असेल ती रेकॉर्डिंग टिवोच्या पेटीबाहेर निघतच नसे. खूण लावायची की नाही हे केबल कंपनीच्या हातात. त्यामुळे एकाच वाहिनीचं रेकॉर्डिंग एका कंपनीच्या ग्राहकाला हलवता यायचं, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला नाही!

सशुल्क वाहिन्या उघडायला टीव्हीत घालायचं सीआय प्लस मॉड्यूल वापरणाऱ्यांना तर याहून मजेशीर नियम लागतो. 'प्रत नको' अशी खूण आली तर टीव्ही फक्त मागे-पुढे करण्यापुरतं ठेवतो आणि ठरलेली मर्यादा ९० मिनिटं. त्याहून लांब कार्यक्रम असेल तर शेवट बघेपर्यंत सुरुवात नाहीशी.

दुसरा रस्ता, जुन्या बॉक्सच्या पाठीमागचं अ‍ॅनालॉग आउटपुट. पिवळी-लाल-पांढरी पिन असेल, किंवा जॅकमधून तीन पिना निघणारी वायर. काही बॉक्सच्या मेन्यूत तर 'व्हीसीआरवर प्रत करा' असा पर्यायच असायचा, ब्रिटनच्या स्काय प्लसमध्ये होता. तो असेल तर सेवेनेच वाट ठेवली आहे असं समजा. या आउटपुटलाही प्रतबंदीची खूण लागू शकते. मग रेकॉर्डर नकार देतो किंवा चित्र फिकट-गडद होत राहतं. तसं झालं तर तिथे थांबा, संपादक मंडळ वर म्हणालंय ते इथेही लागू. पण मुलाखतीसारख्या कार्यक्रमावर ती खूण नसण्याची शक्यता सिनेमापेक्षा बरी. लावून बघा.

तिसरा, वाहिनीची मालक कंपनी शोधा. वाहिनी बंद झाली तरी कार्यक्रमांचे हक्क कोणाकडे तरी असतात. वादकांच्या कुटुंबीयांकडे, संगीताच्या संग्रहालयाकडे प्रत असू शकते. याला वेळ लागतो आणि उत्तर येईलच असं नाही, पण मिळालं तर मूळ प्रतीवरून मिळतं.

रिकामटेकडा

आणि चौथा: टीव्हीसमोर मोबाइल धरायचा. :)

घड्याळजी

हसू नका, वरचं 'डॉक्टर हू' तसंच वाचलंय.

चिमटा

मला एक कळत नाही, आता सगळं ॲपवर असताना डिस्क-बिस्क कशाला? क्लाउड रेकॉर्डिंग आहे, डाउनलोडचं बटण आहे.

बिनतारी

चिमटा, ते बटण फसवं आहे. ॲपमधलं डाउनलोड म्हणजे फाइल अधिक परवाना. परवान्याला मुदत असते. अनेक ठिकाणी एकदा बघायला सुरुवात केली की ४८ तास. फाइल फोनमध्ये जागा अडवून बसलेली असते, पण परवाना संपला की ती लागत नाही. कार्यक्रम सेवेच्या यादीतून गेला की परवाना नव्याने मिळतही नाही.

क्लाउड रेकॉर्डिंगची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत केबलव्हिजन नावाच्या कंपनीने ग्राहकाचा बॉक्स स्वतःच्या इमारतीत नेला म्हणा ना, म्हणजे रेकॉर्डिंग त्यांच्या सर्व्हरवर. त्यावर खटला झाला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयात कंपनी जिंकली. जिंकण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत साठवली जात होती. हजार लोकांनी एकच कार्यक्रम लावला तर हजार प्रती. तांत्रिकदृष्ट्या वेडेपणा, पण कायद्यासाठी तसंच करावं लागलं. या सोयीलाही मुदत असतेच. यूट्यूब टीव्ही रेकॉर्डिंग नऊ महिने ठेवतं, नंतर जातं. आजचा सामना उद्या बघायला झकास. जपायला नाही.

चिमटा

ओके, समजलं. वाचतोय.

उंबरठा

सर्वांचे आभार. प्रगती सांगतो.

सेवेकडून लेखी उत्तर आलं: रेकॉर्डिंग हलवता येत नाहीत. मात्र जुना बॉक्स महिनाअखेरपर्यंत चालू ठेवतील. मागे पिवळी-लाल-पांढरी आहे. साधं यूएसबी कॅप्चर आणलं आणि एक मुलाखत लावून बघितली. चित्र आलं! बंदीची खूण दिसत नाही. पण चित्र चारी बाजूंनी दाबल्यासारखं लहान, काळ्या पट्ट्यांसकट. आणि माणूस हलला की कडांना कंगव्यासारख्या रेघा. हे असंच असतं का?

घड्याळजी

वा! दोन्हीला उपाय आहे.

काळ्या पट्ट्या: बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ४:३ असेल. तो १६:९ करा. मग चित्र उंच-बारीक दिसेल, घाबरू नका. पूर्ण ७२० बाय ५७६ ठिपके चित्रासाठी वापरले जातात आणि नंतर फाइलवर '१६:९ दाखव' एवढी नोंद केली की माणसं पुन्हा धडधाकट दिसतात. ४:३ ठेवलंत तर चौथाई रेघा काळ्या पट्ट्यांतच वाया जातील. एस-व्हिडिओची गोल पिन असेल तर पिवळीऐवजी ती वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात.

कंगव्याच्या रेघा म्हणजे इंटरलेसिंग. एका चौकटीत दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या रेघा असतात. रेकॉर्ड करताना त्या मिटवू नका. जसं येतं तसं भरपूर बिटरेटने (सेकंदाला जास्त डेटा) घ्या. बघताना व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (या रेघा मिटवण्याचा पर्याय) चालू केलं की जातात. वाटायला वेगळी प्रत करायची असेल तर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडिफ नावाचा फिल्टर आहे, त्याने सेकंदाला ५० चौकटी करा, २५ नको. सतारीवरचा हात बघायचा असेल तर फरक डोळ्याला दिसतो.

बिनतारी

जागेचा अंदाज घ्या. ८ एमबीपीएसने तासाला ३.६ जीबी. एक टीबीत २७७ तास. मुलाखतींना रगड झालं. पण उतरवायला तेवढेच तास लागणार, इथे घाईचं बटण नाही. महिनाअखेर म्हणजे यादी करून महत्त्वाच्या आधी घ्या.

पाटीपेन्सिल

आणि या यादीमुळेच कळेल की खरं हवंय ते किती. :) बघा, माझाही उपयोग झाला.

सांजवात

यादीत नुसतं नाव नको. वाहिनी, प्रसारणाची तारीख, कोण बोलतंय, कोणत्या वाद्याबद्दल. बॉक्सच्या पडद्यावर कार्यक्रमाची माहिती येते, तिचा फोटो काढून ठेवा, ती नंतर कुठेच मिळणार नाही. पुढे एखाद्या संग्रहालयाला द्यायची वेळ आली तर आधी हेच विचारतात. 'मुलाखत_नवीन_शेवटची_२' अशा नावाच्या फाइलींचा वारस कोणी होत नाही.

टाकीचेघाव

दोन वेगळ्या डिस्क. त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

चिमटा

डीव्हीडीवर जाळली तर? डिस्क बिघडतात, डीव्हीडी टिकते ना?

टाकीचेघाव

घरी जाळलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, उन्हाने-उष्णतेने जातो. स्वस्तातल्या तर लवकर. तिसरी प्रत म्हणून ठेवा, एकुलती एक म्हणून नको. आणि डिस्क असो की डीव्हीडी, वर्षातून एकदा चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारा आकडा) पडताळायचा. फाइल आहे आणि फाइल उघडते यात फरक असतो.

उंबरठा

बराच भाग उतरवून झाला. १६:९ ने खरंच फरक पडला. एक शंका: कॅप्चरचं सॉफ्टवेअर एमपी४ किंवा टीएस असे दोन पर्याय देतं. एमपी४ सगळीकडे चालतं म्हणून तेच घेत होतो, पण काल मधेच वीज गेली आणि दोन तासांची फाइल उघडतच नाही. दुरुस्त होईल?

बिनतारी

बॉक्सवर मूळ रेकॉर्डिंग आहे तोवर दुरुस्तीच्या मागे लागू नका, परत घ्या. एमपी४मध्ये कोणती चौकट कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. मधेच तुटलं की ती लिहायचीच राहते आणि फाइल आंधळी होते. टीएस म्हणजे वर सांगितलेली तीच १८८ बाइटची पाकिटं. प्रसारणासाठीच बनलेली, कुठूनही सुरू करा, कुठेही तुटू द्या, तुटेपर्यंतचं लागतं.

रेकॉर्ड करताना टीएस निवडा. पूर्ण झाल्यावर एफएफएमपेगने एमकेव्ही या फाइल प्रकारात घाला, 'कॉपी' पर्यायाने, म्हणजे चित्र पुन्हा दाबलं जात नाही आणि काही मिनिटांत काम होतं. आकाराची १६:९ नोंदही त्याच वेळी करता येते. मूळ टीएस तेवढी लगेच पुसू नका, एमकेव्ही शेवटपर्यंत पळवून बघितल्यावर पुसा.

उंबरठा

झालं. आज रात्री तीच परत लावतो, या वेळी टीएसमध्ये.